सोळा वाव पाण्याखाली मामाची बोट

गुरुवार

ससून डॉकला दुपारी दोनला पोचलो तेव्हा पहाटेचा लिलाव कधीच उरकलेला, फरशी धुऊन झालेली तरी वास तसाच, आणि कडेला सावलीत बायका अजून कोळंबी सोलत बसलेल्या. डायव्हिंगचे सोळा सिलिंडर, चार जणांची किट, ऑक्सिजनची पेटी, दोर, बोया, हे सगळं टेम्पोतून उतरवून बोटीत चढवायला दीड तास गेला. खलाशी पोरांनी सिलिंडर बर्फाच्या लाद्या ठेवतात तसे खणात उभे करून मध्ये जुनी जाळी कोंबली, एक जरासुद्धा हलला नाही नंतर चार दिवस.

मुंबईत स्कुबा डायव्हिंग होतं का असं मला सगळे विचारतात, आणि सरळ उत्तर म्हणजे किनाऱ्याजवळ होत नाही. खाड्यांचा गाळ, उधाणाला चार-साडेचार मीटर चढउतार करणारं पाणी, त्यामुळे गिरगाव-जुहूच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. मी पण शिकले ते तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत, खोल डाइव्ह केले नेत्राणीला आणि अंदमानात. पण कोळ्याच्या घरात जन्मल्यामुळे एक माहीत होतं की थंडीत, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, पंचवीस-तीस मैल बाहेर गेलं की पाणी निवळतं. मामा म्हणायचा, तिथं वल्हं बुडवलं तर पातं दिसतं.

आणि तिथेच मामाची बोट आहे. सहा वर्षांपूर्वी बुडाली, नारळी पौर्णिमेनंतर दोन महिन्यांत, रात्री जाळं ओढताना. इंजिनखोलीत मागून पाणी आलं, पंपाला आवरलं नाही, अर्ध्या तासात बोट गेली. सातही जण शेजारच्या बोटीने उचलले म्हणून आम्ही आज मामाशी बोलू शकतो. लाकडी बोट, वर फायबरचा थर, घरातले दागिने मोडून बांधलेली. पण मामाच्या मनात बोटीपेक्षा जास्त सलतं ते दुसरंच. त्याने त्या रात्रीपासून एकच धरलं की इंजिन सांभाळणाऱ्या ड्रायव्हरने शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, ग्लँड नीट भरली नव्हती; दांडा बोटीबाहेर जातो तिथून पाणी आत येऊ नये म्हणून ती भरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच हे काम करायचं असतं, ड्रायव्हर म्हणायचा मी केलं, मामा म्हणायचा केलं असतंस तर बोट वर असती. अठरा वर्षं एका बोटीवर काढलेली ही दोन माणसं, तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. ड्रायव्हर आता डॉकवरच बर्फाच्या क्रशरवर असतो. आज पण होता. मामाने आमच्या पेट्यांसाठी बर्फ पार दुसऱ्या टोकाहून आणायला लावला.

मी डाइव्हिंग शिकले तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस खाली जाऊन बघायचं. हौस होतीच, खोटं कशाला बोलू, पण बघायचं होतं ते शाफ्टकडे.

मामाचं भरतीचं गणित तोंडावर. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. आज सप्तमी, सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. मी मोबाईलमधलं टेबल काढून बघितलं, दहा मिनिटांचा फरक. आणि अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं कमी उतरतं, ओढ कमी, म्हणूनच हे दिवस निवडले होते. साडेपाचला दोर सोडला. उजव्या हाताला प्राँग्जचं दीपगृह आलं तेव्हा सूर्य बुडत होता. डाव्या हाताला मामाने नुसतं बोट केलं आणि हात कपाळाला लावला, तिकडे काशाचा खडक, रामदास बोट गेली ती जागा. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडे अजून कुठलीही बोट त्या बाजूने जाताना म्हातारी माणसं गप्प होतात, मामा तर रामदासनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला.

रात्री अकराला पोचलो. भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याने, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. चंद्र बुडाल्यावर इतका काळोख झाला की मुंबई कुठल्या दिशेला आहे ते फक्त आकाशातल्या पिवळट डागावरून कळत होतं.

शुक्रवार

सकाळ सगळी शोधण्यात. मामाच्या डायरीत जीपीएसचे आकडे बॉलपेनने लिहिलेले, पाण्याने फुगलेलं पान, एक आकडा तीन आहे का आठ ते समजेना. तीन धरून गेलो तर साउंडरवर, म्हणजे खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, सपाट तळ. आठ धरलं आणि वीस मिनिटांत सपाट रेघेवर एक उंचवटा उठला, साधारण चार-पाच मीटरचा, आणि त्याच्यावर माशांचे ठिपके. सोळा वाव पाणी, म्हणजे तीसला थोडं कमी मीटर. मामा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हीच." मग बराच वेळ काही बोलला नाही.

ही जागा ट्रॉलरवाल्यांना पण माहीत आहे, जाळं फाटायची जागा म्हणून. आणि गळवाल्यांना माहीत आहे, हेकरू मासा मिळायची जागा म्हणून. एकाच बोटीची दोन नावं.

वजन बांधलेला दोर बोयासकट सोडला, त्याच दोराला धरून उतरायचं. अष्टमी, भरती सहाला म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) बाराच्या पुढेमागे, तेव्हा पाणी थांबणार. पण खोल पाण्यात ते घड्याळावर थांबत नाही, बोया आडवी पडलेली हळूहळू सरळ होते तिची वाट बघत बसायचं. साडेबाराला सरळ झाली. चौघं उतरलो. अठरा मीटरला माझ्या बडीचा, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारणीचा, कान मोकळा होईना, दोन मीटर वर, परत खाली, परत वर, तीनदा केलं आणि मग तिने हात आडवा हलवला. नियम साधा आहे, एकाने नको म्हटलं की सगळ्यांनी वर. खाली पाण्यात एक गडद सावली दिसत होती आणि तिथून वळायचं फार जिवावर आलं, पण वळलो. एका दिवशी एकच डाइव्ह, कारण पुढचं थांबलेलं पाणी संध्याकाळी सहाला, काळोखात.

बडी संध्याकाळभर रडवेली. मामीने दिलेल्या डब्यातल्या करंज्या तिला मामाने स्वतः नेऊन दिल्या.

शनिवार

कान मोकळे. नवमी, सुकती पाऊण वाजता, बोया एक वाजता सरळ झाली.

आमच्यात अनुभवी म्हणजे दादा, बारा वर्षं मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर डायव्हरचं काम केलेला. त्याने बोटीवर पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. तीस मीटरला चार पट दाब, म्हणजे प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली चार पट हवा जाते. साध्या हवेवर तिथे टेबलप्रमाणे वीस मिनिटं मिळतात, आपण तेराच घ्यायची. बोटीच्या आत कोणी जायचं नाही, काहीही दिसलं तरी. आणि जाळ्याच्या खालून पोहायचं नाही.

पहिले दहा मीटर हिरवं दुधाळ पाणी, दोर धरलेल्या हाताच्या पुढे काही नाही. बारा-तेराला एकदम थंड थर आला आणि त्याच्या खाली पाणी उघडलं. मी अंदमानात वीस-पंचवीस मीटर लांबचं बघितलंय, इथे जेमतेम सहा मीटर दिसत होतं, पण आपल्या मुंबईच्या पाण्यात सहा मीटर म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. माझ्या हातातला लाल दोरीचा लूप चॉकलेटी झाला, मग काळा. लाल रंग पाणी सगळ्यात आधी खातं.

चोवीस मीटरला केबिनचं छप्पर आलं.

बोट डाव्या कुशीवर थोडी कललेली पण उभी. लाकूड किड्याने खाऊन आत पोकळ, जागोजागी बोटभर भोकं, पण वरचं फायबर अंड्याच्या कवचासारखं आकार धरून राहिलेलं. केबिनच्या खिडकीत काच नव्हती, तिथे एक हेकरू, माझ्या दंडाएवढा, आतून बाहेर बघत होता आणि मी सरकले की तो पण तेवढाच मागे सरकायचा. छपराखाली तांब माशांचा थवा. विंचच्या रिळावर शिंपल्यांचा जाड थर, आणि त्या थराच्या फटीतून शेवंडीच्या मिशा बाहेर, चार, मग सहा, मग मोजायचं सोडलं. नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, रंगवलेल्या नावातलं नुसतं 'प्रसाद' राहिलं होतं, पुढचं शेवाळाने झाकलेलं. मी हात लावून पुसलं नाही. मला ते नाव पाठ आहे.

इथे मला एक गोष्ट झाली ती लिहायला पाहिजे. गेजवर मी हवा बघितली, एकशे दहा बार, आणि तो आकडा चांगला का वाईट हे मला ठरवताच येईना. परत बघितलं. परत एकशे दहा. मला फार शांत वाटत होतं, बोटीच्या अंगणात आल्यासारखं, इथेच बसावं असं. खोलावर नायट्रोजन डोक्यात चढतो तो असाच, तिशीच्या आसपास बऱ्याच जणांना होतं, आणि आपल्याला होतंय हे आपल्यालाच कळत नाही हा त्यातला धोका. दादाने मास्कसमोर दोन बोटं नाचवली, मी चार दाखवली, त्याने सरळ माझं जॅकेट धरून तीन मीटर वर घेतलं. तिथे अर्ध्या मिनिटात डोकं लख्ख.

मागच्या बाजूला गेलो आणि तिथे ते जाळं. बोटीच्या मागच्या अर्ध्या भागावर चादरीसारखं पडलेलं, बोटीचं नव्हे, कुठून तरी सुटून वाहत आलेलं किंवा इथे अडकून तुटलेलं, नायलॉनचं, काही ठिकाणी दोन-तीन थर. नायलॉन कुजत नाही. मालक नसलेलं ते जाळं अजून मासे धरतंय, रोज. एक वाम त्यात पीळ पडून मेलेली, तिच्यावर खेकडे बसलेले, आणि त्यातले दोन खेकडे पण अडकलेले. मेलेल्याला खायला आलेला अडकतो, त्याला खायला तिसरा येतो. बोटीच्या पुढच्या अर्ध्यात मासे नांदतायत आणि मागच्या अर्ध्यात मरतायत, मध्ये चार हातांचं अंतर. मला पाण्याखाली रडू आलं, मास्कमध्ये पाणी झालं, ते नाकाने फुंकून काढलं आणि कात्री काढली.

शाफ्ट त्या जाळ्याच्या खाली. आधी जाळं कापल्याशिवाय तिथे जाता येणार नव्हतं. बडी आणि मी एका कडेने, दादा आणि चौथा दुसऱ्या कडेने, बाहेरून आत. जिवंत खेकडे आधी सोडवले. सहा मिनिटांत दोन चटयांएवढा तुकडा निघाला, तो लिफ्ट बॅगला, म्हणजे हवा भरून वर जाणाऱ्या पिशवीला, बांधून वर सोडला, आणि गाळ एवढा उठला की दादाने अंगठा वर केला, म्हणजे आता वर चला. पाच मीटरला तीन मिनिटं थांबून वर.

वर खलाशी पोरं ते जाळं ओढून घेत होती. त्यातला एक जण गाठी बघून म्हणाला की असलं आम्ही पण सोडून आलोय, अडकल्यावर कापून. त्याला कोणी काही बोललं नाही, तो पण मग गप्प बसून त्यातले शिंपले काढत राहिला. मला वाटतं अडकलेलं जाळं कापायला लागतंच, जीव आधी, पण ते कुठे कापलं एवढं लिहून ठेवलं आणि मच्छीमार सोसायटीत येऊन सांगितलं तरी मागून कोणी काढायला जाऊ शकेल. आज कोणी सांगत नाही कारण सांगून पुढे काही होत नाही.

मामाने एकच विचारलं, "केबिन उभी हाय काय, बाय?"

मी म्हटलं, "उभी आहे. खिडकीत हेकरू राहतोय."

तो हसला. सहा वर्षांत बोटीचा विषय निघून मामा हसलेला मी पहिल्यांदा बघितला.

रविवार

दशमी, दीड-पावणेदोन. शेवटचे सिलिंडर, चार सोडून, ते राखीव.

आज ठरवून दोघीच शाफ्टकडे, दादा आमच्या वर दोन मीटरवर, चौथा दोराशी. काल कापलेल्या जागेतून आत शिरायची वाट झाली होती. मी पंख्याची तीन पाती शोधत होते आणि मला एक गोळा दिसत होता. मोठ्या भोपळ्याएवढा, गाळात अर्धा रुतलेला. हाताने गाळ वारला, थांबले, निवळू दिलं, परत वारला. एक पातं गोळ्यातून बाहेर आलेलं होतं.

तो दोरा होता. जाळं, पण पडलेलं नव्हे, गुंडाळलेलं. रिळावर धागा भरतात तसा थरावर थर, एका दिशेने, एवढा आवळून की सुरीचं टोक आत जाईना. वरचे थर शेवाळलेले, ते कापले तर आत दोरे एकमेकांत वितळून एकच काळी, चकचकीत, मेणासारखी कड झालेली. आणि गोळ्याच्या पुढे, शाफ्ट जिथे बोटीच्या अंगात शिरतो तिथे, शाफ्ट एका बाजूला ओढलेला आणि नळीच्या तोंडाशी फट. मी माझी करंगळी त्यात घातली. गेली. पेरापर्यंत नाही, पूर्ण.

बडीने टॉर्च धरला, फोटो घेतले. मी वितळलेल्या कडेलगतचा हातभर तुकडा करवतीच्या पात्याने कापला, चार मिनिटं लागली, हवा झपाझप जात होती. हेकरू बघायला आला होता, हे मला बडीने नंतर सांगितलं.

वर येताना मी तो तुकडा जॅकेटला अडकवलेला. खाली काळा वाटत होता. पंधराला चॉकलेटी, पाचला थांबलो तेव्हा विटकरी, आणि डोकं पाण्याबाहेर काढलं तर उन्हात लख्ख नारिंगी.

मामाने हात पुढे केला. तुकडा उलटा केला, आसांत, जाळ्याच्या भोकांत, दोन बोटं घातली, तिसरं घालून बघितलं, गाठ नखाने दाबली. "आपला नाय," म्हणाला. "आपलं जाळं निलं व्हतं, आस बारीक. मीच विणलंय."

दादाने मग त्याला समजावलं, घाई न करता. बोट बुडून पडल्यावर जाळं अंगावर पडतं, ते असं गुंडाळलं जात नाही. असं फक्त फिरणाऱ्या शाफ्टवर होतं, इंजिन चालू असताना. दोरा घासून तापतो, वितळतो, आवळत जातो आणि शाफ्टला बाजूला ओढतो, मग नळीतून जे पाणी येतं ते आतून कितीही चांगली ग्लँड भरलेली असली तरी थांबत नाही. म्हणजे त्या रात्री कोणाचं तरी सुटलेलं जाळं वाहत आलं, काळोखात दिसलं नाही, आणि पंख्यात गेलं.

मामा म्हणाला, "इंजिन जड झालं व्हतं. त्यो बोलला व्हता मला, तांडेल, बंद करतो, बघतो. मी बोललो जाळं येऊ दे आधी."

हे त्याने आम्हाला सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

साडेतीनला दोर उचलला. येताना मामाने सुकाणू पोराच्या हातात दिलं आणि मागे एकटा बसून राहिला, तो नारिंगी तुकडा पायाशी. मुंबईचे दिवे वर आले, दीपगृहाचा झोत फिरायला लागला, रात्रीच्या भरतीला साडेआठला डॉकमध्ये शिरलो. कापून आणलेलं जाळं धक्क्यावर टाकलं, ओलं, जड, तिघांनी मिळून उचलायला लागलं.

सिलिंडर उतरवायचे राहिले होते पण मामा म्हणाला, "बाय, चल माझ्यासंगती." मच्छीमार नगर, दोन गल्ल्या आत. मला वाटलं होतं त्याला घर शोधावं लागेल, तो न विचारता सरळ गेला. दाराशी उभा राहिला, आत टीव्ही चालू. ड्रायव्हरची बायको आधी बाहेर आली, मामाला बघून मागे वळून नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. तो आला. मामाने काही न बोलता तो तुकडा त्याच्या हातात दिला.

ड्रायव्हरने वितळलेली कड दिव्याकडे धरली, अंगठा फिरवला, दोनदा. मग म्हणाला, "शाफ्टवरचा?"

मामाने मान हलवली. "तू बोलला व्हतास बंद करू म्हणून. मीच ऐकला नाय."

ड्रायव्हर तसाच उभा. मग बायकोला म्हणाला, "चटई टाक गो. आनी चहा ठेव, तिघांचा."

मी म्हटलं मला सिलिंडर उतरवायचेत, पोरं थांबलीयत, आणि दोघांना तिथे सोडून डॉककडे पळाले.